नव्वदच्या दशकातले परभाषेतले सिनेमे: कोणते अजूनही परत बघावेसे वाटतात?

रात्रपाळी:
मंडळी, विषय शीर्षकात आहेच. १९९० ते ९९ मधले, इंग्रजी सोडून आणि आपल्या भारतीय भाषाही सोडून, बाकी जगात कुठल्याही भाषेतले सिनेमे. अट एकच, नुसती यादी टाकू नका, याद्या नेटवर ढिगाने मिळतात. एक किंवा दोनच घ्या आणि त्यातलं नेमकं काय डोक्यात राहिलं ते लिहा, एखादा सीन, एखादा चेहरा, काहीही. पुरस्कार मिळाला की नाही याच्याशी मला घेणंदेणं नाही, पुरस्कार मिळालेले कितीतरी सिनेमे आज बघवत नाहीत.

माझ्यापासून सुरू करतो. 'रन लोला रन', जर्मन, १९९८, डायरेक्टर टॉम टायक्वर. गोष्ट चिमूटभर आहे, बॉयफ्रेंडने एक लाख मार्क हरवलेत आणि लोलाकडे वीस मिनिटं आहेत, बस. ती धावते, फसते, परत पहिल्यापासून धावते, असं तीनदा. पण मला धावण्यापेक्षा ती मध्येमध्ये ज्यांना आपटते ना ती माणसं आवडतात, धक्का लागला की त्या माणसाचं पुढचं अख्खं आयुष्य पटापट फोटोंमधून दिसतं, आणि दरवेळी वेगळं. एका वेळी तीच बाई बरबाद होते आणि पुढच्या वेळी तिला लॉटरी लागते. ऐंशी मिनिटांच्या आसपासचा सिनेमा, कुठेही रेंगाळत नाही. म्युझिकपण टायक्वरनेच दोघांबरोबर मिळून केलंय, त्यामुळे एडिटिंग आणि बीट वेगळे काढताच येत नाहीत.

चला, येऊ द्या.

सुरवंट:
लाइफ इज ब्युटिफुल, सिनेमा पॅराडिसो, अमेली, इन द मूड फॉर लव्ह, इल पोस्टिनो, कोल्या, अंडरग्राउंड. सगळे मस्ट वॉच!!

रात्रपाळी:
सुरवंटा, यादी नको म्हटलं तर पहिल्याच प्रतिसादात यादी :) आणि त्यातले तीन नव्वदच्या दशकातले नाहीतच, पॅराडिसो १९८८ चा, मूड फॉर लव्ह २००० आणि अमेली २००१. उरलेल्यातला एक उचल आणि त्यावर चार ओळी लिही.

निळीशाई:
माझं मत डोळे झाकून इराणला. 'चिल्ड्रन ऑफ हेवन', माजिद माजिदी, १९९७. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, घरी सांगायची सोय नाही कारण बापाकडे पैसे नाहीत, मग दोघं एकच जोडी वापरतात, तिची शाळा सकाळी आणि त्याची दुपारी, मध्ये गल्लीत पळत येऊन बुटांची अदलाबदल. सगळे शेवटच्या शर्यतीबद्दल बोलतात, तिसरा नंबर आला तर बूट मिळणार म्हणून तो पोरगा तिसरं यायला धडपडतो वगैरे. ती छानच आहे. पण मला विचाराल तर सिनेमा दुसऱ्याच दोन जागी आहे.

एक म्हणजे बाप घरी बसून मशिदीसाठी साखर फोडतोय, समोर ढीग पडलाय, मुलगी चहा आणून देते आणि त्यात साखर नाही. ती म्हणते एवढी समोर आहे की. तर तो म्हणतो ही मशिदीची आहे, आपली नाही. संपला सीन. कोणी भाषण देत नाही, म्युझिक वाजत नाही. यानंतर त्या पोरांनी बूट हरवल्याचं घरी का सांगितलं नाही हे वेगळं समजवायची गरजच उरत नाही, ज्या घरात समोरच्या ढिगातला एक खडाही घेत नाहीत त्या घरात नवीन बूट कोण मागणार.

दुसरी जागा, बहिणीला, झहराला, आपले बूट शाळेतल्या एका मुलीच्या पायात दिसतात, दोघं भावंडं तिच्या मागेमागे घरापर्यंत जातात, आता भांडण होणार असं आपल्याला वाटतं, आणि दारातून त्या मुलीचा बाप बाहेर येतो, आंधळा. हे दोघं एकमेकांकडे बघतात आणि परत फिरतात. एक शब्द नाही. एवढंसं कारण घेऊन अख्खा सिनेमा उभा करायचा आणि एकदाही गरिबीची कीव करायची नाही, हे त्या काळात इराणी लोकांइतकं कोणाला जमलं असं मला वाटत नाही.

आता प्रश्न येतो की त्यांच्याकडे सारखी लहान मुलंच का. हौस म्हणून नाही हो. १९७९ च्या क्रांतीनंतर नियम असे आले की पडद्यावर बाईने घरातसुद्धा, अगदी नवऱ्यासमोरही डोकं झाकलेलंच दाखवायचं, बाई-पुरुषाने एकमेकांना हात लावायचा नाही. म्हणजे मोठ्यांच्या घरातली गोष्ट सांगायला गेलं की पहिल्या फ्रेमपासूनच खोटी दिसणार. लहान मुलांना घेतलं की यातल्या बऱ्याच अडचणी आपोआप सुटतात. शिवाय तिथे कानून नावाची मुलांसाठीची सरकारी संस्था होती, तिचा फिल्म विभाग डायरेक्टर अब्बास किआरोस्तमीने क्रांतीच्या आधीच उभा केलेला, चिल्ड्रन ऑफ हेवनसुद्धा कानूनचाच. थोडक्यात मुलांच्या सिनेमाला पैसाही होता आणि मोकळीकही होती, आणि हुशार लोक तिकडे वळले.

आडवाट:
निळीशाई, साखरेच्या सीनबद्दल +१. पण मुलांचे इराणी सिनेमे म्हटल्यावर माझा नंबर एक जाफर पनाहीचा 'द व्हाइट बलून' (१९९५), लिहिलाय किआरोस्तमीने. सात वर्षांची पोरगी, नवरोजला (इराणी नववर्षाला) काही मिनिटं राहिलीत, तिला गोल्डफिश हवा. घरच्या हौदात मासे आहेत पण ते बारीक आहेत म्हणे, तिला दुकानातला जाडा पाहिजे. आई कशीबशी नोट देते आणि ती नोट गटाराच्या जाळीतून खाली पडते. सगळं जवळजवळ आपल्या घड्याळाच्या वेळेतच घडतं. ती पोरगी अजिबात गोड नाहीये, हट्टी आहे, भोकाड पसरते, आणि म्हणूनच खरी वाटते. माजिदीची मुलं जरा जास्तच शहाणी असतात असं माझं मत (मारू नका).

आणि शेवट!! स्पॉयलर: एक अफगाण फुगेवाला पोरगा येतो, त्याच्या काठीला च्युइंगम लावून नोट निघते, भावंडं मासा घ्यायला पळतात, त्याला धड थँक्यूसुद्धा म्हणत नाहीत, आणि कॅमेरा त्यांच्या मागे जायचं सोडून त्या पोरावर थांबतो. दीड तास आपण माशाची काळजी करत होतो आणि ज्याला सणाच्या दिवशी जायला घरच नाही त्याच्याकडे आपण बघितलंच नव्हतं. फिल्मचं नाव मासा नसून फुगा का आहे ते तेव्हा लक्षात येतं.

चहाटळ:
मी जरा पाण्यात दगड टाकतो. इराणी सिनेमाचं एवढं कौतुक चाललंय तर किआरोस्तमीचा 'टेस्ट ऑफ चेरी' कोणी जागेपणी पूर्ण बघितलाय का? कान फेस्टिव्हलचा सर्वोच्च पुरस्कार पाल्म दोर मिळालेला, १९९७. एक माणूस गाडीतून फिरतोय, मातीचे डोंगर, परत गाडी, परत मातीचे डोंगर. त्याला आत्महत्या करायचीय आणि नंतर वर माती टाकणारा माणूस शोधतोय, ठीक आहे, पण का मरायचंय ते शेवटपर्यंत सांगत नाही. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टनेसुद्धा एक स्टार दिलेला, म्हणजे मी एकटाच नाही.

आडवाट:
कारण सांगत नाही हाच तर मुद्दा आहे राव. सांगितलं असतं तर आपण लगेच न्यायाधीश झालो असतो, याचं कारण पुरेसं आहे, याचं नाही. आता फक्त तो आणि गाडीत बसणारा अनोळखी माणूस एवढंच उरतं, आणि प्रत्येक जण आपापल्या परीने उत्तर देतो, सैनिक पळून जातो, धर्म शिकणारा धर्म सांगतो, आणि तो म्हातारा तुतीची गोष्ट सांगतो. गंमत म्हणजे गाडीतले दोघे शूटिंगच्या वेळी एकमेकांसमोर नव्हतेच, एकाचं शूट करताना दुसऱ्या सीटवर किआरोस्तमी स्वतः बसून बोलायचा. त्यामुळे ते जे अवघडलेपण दिसतं ना ते बरंचसं अस्सल आहे.

बाकी तुला कंटाळा आला असेल तर आला, त्यात काय. पण मग त्याचाच 'क्लोज-अप' (१९९०) बघ. एक गरीब माणूस एका कुटुंबाला सांगतो मी डायरेक्टर मखमलबाफ आहे, तुमच्या घरात सिनेमा काढणार आहे, ते विश्वास ठेवतात, मग पकडला जातो, केस होते. ही खरी घडलेली गोष्ट, आणि किआरोस्तमीने त्याच माणसाला, त्याच कुटुंबाला घेऊन घडलेलं सगळं परत करून घेतलं, आणि कोर्टातसुद्धा कॅमेरा नेला. फसवणारा आणि फसलेले एकाच सिनेमात एकमेकांसमोर बसून तेच परत करतायत, हे कसं काय जमवलं असेल विचार कर.

चहाटळ:
हे भारी वाटतंय. बघतो. तुतीवाल्या म्हाताऱ्यापर्यंत मी पोचलोच नव्हतो बहुतेक.

सुरवंट:
बरं, मी यादीवाला परत आलो. एकच निवडायचा तर 'लाइफ इज ब्युटिफुल'. रोबेर्तो बेनिन्यी, १९९७. छावणीत जर्मन शिपाई नियम सांगायला येतो, आणि बापाला जर्मनचं ओ की ठो येत नसताना तो पुढे होऊन पोरासाठी इटालियनमध्ये भलतेच नियम ठोकून देतो, हा खेळ आहे, हजार पॉइंट झाले की रणगाडा मिळणार, रडलात की पॉइंट कट. मी त्या सीनला हसतो आणि हसताना पोटात गोळा येतो. यापेक्षा जास्त मला सिनेमाकडून काय पाहिजे.

कावळा१०८:
सॉरी पण मला हा सिनेमा खोटा वाटतो. पहिला अर्धा भाग मस्त, लग्नाआधीचा सगळा वात्रटपणा, तो हिरवा घोडा वगैरे. पण नंतर छावणीत लाउडस्पीकरवरून बायकोला गुड मॉर्निंग करतो, पोरगा आठवडेच्या आठवडे बराकीत लपून राहतो. खऱ्या मृत्युछावण्यांत एवढ्या लहान मुलांना बहुतेक वेळा पोचल्या पोचल्याच मारून टाकत होते. तिथे असा विनोद चालतो असं दाखवणं म्हणजे प्रेक्षकाला सुटका करून देणं आहे. आपण रडून मोकळे होतो आणि घरी जातो.

सुरवंट:
पण सिनेमा सुरुवातीलाच सांगतो की ही परीकथेसारखी गोष्ट आहे, आणि सांगणारा तो पोरगाच असतो मोठा झालेला. म्हणजे हे सगळं त्याच्या आठवणीतलं आहे, बापाने जसं दाखवलं तसं. पोराला जे कळलं नाही ते सिनेमातपण अंधुकच राहतं, तो धुक्यातला प्रेतांचा ढीग आठव. आणि बेनिन्यीचे स्वतःचे वडील जर्मनांच्या छावणीत राहून आलेले, तो काही हवेत बोलत नव्हता.

कावळा१०८:
वडिलांचं माहीत आहे, त्याच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाहीच. धुक्याचा सीन चांगला आहे हे मान्य. पण तोच एक सीन खरा आहे आणि बाकी सिनेमा त्याच्याकडे पाठ करून उभा आहे. आणि माझा खरा राग वेगळाच आहे, त्या वर्षीचं फॉरेन लँग्वेज ऑस्कर याला गेलं तेव्हा नॉमिनेशनमध्ये चिल्ड्रन ऑफ हेवन आणि 'सेंट्रल स्टेशन' दोन्ही होते. बेनिन्यी खुर्च्यांवर चढून नाचत स्टेजवर गेला आणि जग त्यांना विसरलं.

निळीशाई:
विसरलं नाही हो, आपण इथे तेच तर बोलतोय. पण सेंट्रल स्टेशनचं नाव काढलंत म्हणून बरं झालं, तो तर माझ्या मते तिघांत सगळ्यात वरचा. ब्राझील, वॉल्टर सालेस, १९९८. रिओच्या स्टेशनात एक रिटायर्ड मास्तरीण टेबल टाकून बसते, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं पैसे घेऊन लिहून देते, आणि घरी नेऊन यातली बरीचशी पोस्टात टाकतच नाही, ड्रॉवरमध्ये कोंबते नाहीतर फाडते. हिरॉइन अशी! आणि आईविना उरलेल्या एका पोराला ती चक्क पैशासाठी संशयास्पद लोकांना विकते आणि त्या पैशांतून टीव्ही आणते. मग मन खातं, त्याला सोडवते, आणि बसने, ट्रकने त्याच्या बापाच्या शोधात निघतात. तिला चांगली बाई करून टाकायची घाई सालेसने कुठेच केलेली नाही, ती शेवटपर्यंत थोडी खडूसच राहते.

फर्नांडा मॉन्टेनेग्रोला त्यासाठी बेस्ट अॅक्ट्रेसचं नॉमिनेशन होतं. आणि २०२५ मध्ये तिची मुलगी फर्नांडा टोरेस सालेसच्याच 'आय एम स्टिल हिअर'साठी नॉमिनेट झाली, त्यात शेवटी म्हातारपणीचं तेच पात्र आईने केलंय. तो पोरगा म्हणजे विनिसियस, विमानतळावर बूटपॉलिश करताना सालेसला भेटलेला.

रात्रपाळी:
धागा मस्त चाललाय. पण सगळे मुलांचेच सिनेमे झाले, कोणी मोठ्यांचं काही काढा.

घुबड:
मी काढतो. किश्लोव्स्कीची 'थ्री कलर्स', ब्लू १९९३, व्हाइट आणि रेड १९९४. फ्रेंच झेंड्याचे रंग, स्वातंत्र्य समता बंधुता, असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते वाचून लोक घाबरतात की आता काहीतरी जड ऐकावं लागणार. तसं काही नाहीये. ब्लूमध्ये अपघातात नवरा आणि मुलगी गेलेली बाई ठरवते की आता कशालाच जीव लावायचा नाही, घर, सामान, नवऱ्याचं अर्धवट संगीत, सगळं टाकून द्यायचं. हे तिचं स्वातंत्र्य. आणि सिनेमा तिला ते मिळू देत नाही. मध्येच कोणीतरी तिच्याशी बोलतं, अचानक पडदा काळा होतो, संगीतकार प्रायस्नरचं संगीत धाडकन आदळतं, आणि परत तोच सीन त्याच क्षणापासून पुढे. सहसा पडदा काळा झाला की मध्ये वेळ गेला असं आपण धरतो, इथे एक सेकंदही गेलेला नसतो. दुःख असंच येतं की, वाक्याच्या मध्ये, कोणाला न विचारता.

बारकावा किती असावा याचा नमुना सांगतो, ती कॅफेत साखरेचा खडा कॉफीत टेकवते आणि तो भिजत वर चढतो. किश्लोव्स्कीला तो साधारण पाचच सेकंदांत भिजायला हवा होता, जास्त लागले तर प्रेक्षक चुळबुळणार, म्हणून असिस्टंटला कामाला लावून वेगवेगळी साखर तपासून घेतलेली. बाई समोर काय चाललंय ते न बघता खड्याकडे बघते, एवढंच दाखवायचं होतं.

तिन्हीत लोक व्हाइटला नावं ठेवतात, मला तोच सगळ्यात जास्त वेळा बघावासा वाटतो. काळाकुट्ट विनोद आहे. बायकोने पॅरिसमध्ये कोर्टात उभं करून घटस्फोट घेतला, खिशात दमडी नाही, पोलंडला परत जायला हा गडी मित्राच्या सुटकेसमध्ये बसून विमानातून जातो, तिकडे सामान चोरणारे ती बॅगच पळवतात, आत माणूस बघून चिडतात, बदडतात आणि बर्फातल्या कचऱ्याच्या डेपोवर टाकून जातात. हा रक्ताळलेलं तोंड वर करून बघतो आणि खूष होतो, आलो एकदाचा घरी. कम्युनिझम जाऊन पैसा नुकताच आलेला पोलंड, सगळं विकत मिळतं, मागवलं तर प्रेतसुद्धा. ब्लू आणि रेड सुंदर आहेत हो, पण सुंदर असल्याचं त्यांना जरा जास्त माहीत आहे.

रेडनंतर तो म्हणालेला की आता सिनेमे बस, आणि १९९६ मध्ये गेलाच, फक्त ५४ वर्षांचा.

चहाटळ:
घुबडा, व्हाइट रेडपेक्षा चांगला?? शेजाऱ्यांचे फोन चोरून ऐकणारा तो म्हातारा जज विसरलास का. ते काम करणारा त्रांतिन्याँ नुसता खुर्चीत बसतो तरी खोली भरते.

घुबड:
विसरलो नाही. जज एक नंबर. पण रेडच्या शेवटचा बोटीचा अपघात जमवून आणलेला वाटतो मला.

पायमोडका:
मोठ्यांचं म्हणताय तर 'फेस्टेन', डेन्मार्क, १९९८, थॉमस विंटरबर्ग. बापाची साठी, अख्खं खानदान हॉटेलात जमलंय, थोरला मुलगा ग्लास वाजवून उभा राहतो, बापाला म्हणतो दोन कागदांतला एक निवड, आणि त्या भाषणात शांतपणे सांगतो की हा माणूस आम्हा लहान मुलांबरोबर काय करत होता. आणि पाहुणे?? थोडा वेळ गप्प बसतात आणि जेवण पुढे चालू!! हा सिनेमाचा खरा हॉरर आहे. माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करतात, गाणी म्हणतात, पुढचा कोर्स येतो, तो परत उभा राहतो. मला बघताना हात धरून त्या टेबलावरून उठून जावंसं वाटत होतं.

डॉग्मे ९५ चा (ठरावीक नियम पाळून सिनेमे काढायची डॅनिश चळवळ) हा पहिला सिनेमा, कॅमेरा हातात, वेगळं लायटिंग नाही, नंतर चिकटवलेलं म्युझिक नाही, क्रेडिटमध्ये डायरेक्टरचं नावपण नाही. त्या नियमांचं पुढे फॅड झालं आणि विझलं, पण इथे ते फिट बसलेत कारण त्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे कोणा नातेवाइकानेच शूट केलंय असं वाटतं.

निळीशाई:
बापरे, हा बघायला मनाची तयारी करावी लागेल. मी सध्या कोरे-एदाच्या 'आफ्टर लाइफ'वर (१९९८) आहे, जपानी. मेलेली माणसं एका जुनाट सरकारी ऑफिससारख्या इमारतीत येतात, त्यांना आयुष्यातली एकच आठवण निवडायची असते, मग तिथला स्टाफ ती आठवण कापूस आणि पुठ्ठे वापरून शूट करून देतो आणि तेवढीच घेऊन ते पुढे जातात. कोरे-एदाने तयारीसाठी पाचशेच्या आसपास लोकांना हा प्रश्न विचारलेला आणि त्यातले काही खरे लोक सिनेमातही आहेत. कोण नट आणि कोण खरं सांगतंय हे थोड्या वेळाने आपण शोधायचं सोडून देतो. एक पोरगी डिस्नेलँड सांगते आणि तिथली बाई हळूच सुचवते की हे आधी बऱ्याच जणींनी सांगितलंय, बघ आणखी काही आठवतंय का :)

कावळा१०८:
चायनीज कोणीच नाही? 'टू लिव्ह', झांग यिमोऊ, १९९४. जुगारात घर हरलेला माणूस, आणि पुढे माओच्या काळात तेच हरलेलं घर त्याचा जीव वाचवतं कारण जमीनदार म्हणून गोळी घालतात ती जिंकणाऱ्याला. स्पॉयलर: त्याच्या मुलीच्या बाळंतपणाचा सीन तर विसरणं शक्य नाही, मोठ्या डॉक्टरांना सांस्कृतिक क्रांतीत हाकललंय, हॉस्पिटल नुसत्या पोरींच्या हातात, म्हणून एका म्हाताऱ्या प्रोफेसर डॉक्टरला कुठून तरी उचलून आणतात, तो उपाशी असतो, दया येऊन बाप त्याला पाव आणून देतो, तो बकाबका सात खातो, वर पाणी पितो आणि नेमका गरज पडते तेव्हा पोट धरून पडलेला. मुलगी जाते. चांगुलपणाने केलेली गोष्ट अशी उलटते, आणि नंतर बापच म्हणत राहतो की मी एवढे पाव द्यायला नको होते. चीनमध्ये दाखवूच दिला नाही. लाइफ इज ब्युटिफुलबद्दल माझं जे म्हणणं होतं ते हा बघितल्यावर जास्त पटेल, इथेही विनोद आहे पण कोणाची सुटका नाही.

सुरवंट:
टू लिव्ह बघतो, पण मत बदलणार नाही हं. आणि वाँग कार-वायचा मूड फॉर लव्ह चालत नाही म्हणता तर 'चुंगकिंग एक्सप्रेस' घ्या, १९९४, एकदम कायदेशीर. एका मोठ्या सिनेमाच्या एडिटिंगमध्ये अडकला होता, मध्ये सुट्टी म्हणून हा पटकन उरकला, आणि लोकांना तो मोठा फारसा आठवत नाही, हा आठवतो. फे वाँग त्या पोलिसाच्या घरात तो नसताना घुसून साफसफाई करते, साबण बदलते, आणि त्या बावळटाला बराच काळ पत्ताच नाही. ते घर खरं तर कॅमेरामन डॉइलचं स्वतःचं.

रात्रपाळी:
आता कसं बोललास! माझी पुढची लाइन लागली, आधी व्हाइट, मग फेस्टेन, टू लिव्ह जरा अंतर ठेवून. एक शेवटचं विचारतो, 'सातानटँगो' (बेला टार, १९९४, हंगेरी, सात तासांच्या वर) कोणी एका बैठकीत बघितलाय का? त्याच्या कादंबरीवाल्या क्रास्नाहोरकाईला २०२५ चं नोबेल मिळाल्यापासून माझ्या मनात आहे.

घुबड:
एका बैठकीत नाही, तीन हप्त्यांत. सुरुवातीला बराच वेळ नुसत्या गाई चिखलातून चालतात, तेवढं जमलं तर बाकीचं जमेल. मांजराचा सीन येतो तिथे जपून.

चहाटळ:
मातीच्या डोंगरांनी माझी वाट लागलेली, गाईंचं मला सांगूच नका.